पित्रांच्या पंधरवड्यातला खोका

आमच्या घरात नवी वस्तू आली की तिचा खोका उघडायचा मान अप्पांचा. मिक्सर असो, इस्त्री असो, नाहीतर आईसाठी मामांनी धाडलेला चिनीमातीचा सेट असो, अप्पा आधी हात धुणार, पंच्याला कोरडे करणार, खोका चहूबाजूंनी फिरवून त्यावरचं अक्षरन् अक्षर वाचणार आणि मग खिशातल्या बारक्या चाकूनं चिकटपट्टी अशी अलगद कापणार की पुठ्ठ्यावर ओरखडासुद्धा उठू नये. आम्ही दोघं भावंडं तोवर नुसती चुळबुळत बसायचो. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "झालं का न्हाई आजून? का सत्यनारायन घातलाय?" अप्पा वर न बघता म्हणायचे, "वस्तू एकदाच नवी आसती." हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की आजही कुरियरवाला काही देऊन गेला की माझा हात आधी नळाकडे जातो. माझी पोरं हसतात. हसू द्यावं.

आमचं घर परळीत, स्टेशनकडून देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका बोळात. पुढची खोली म्हणजे अप्पांचा फोटो स्टुडिओ आणि मागच्या दोन खोल्या म्हणजे आम्ही. स्टुडिओत मागं डोंगर-धबधब्याचा पडदा, एक उंच स्टूल, कंगवा लटकवलेला आरसा. अप्पांना लहानपणी विटी लागून डावा डोळा अधू झालेला, त्यातून त्यांना फक्त उजेड-सावली कळायची. फोटोवाल्याला एकच डोळा म्हटल्यावर लोक चेष्टा करायचे, तर अप्पा म्हणायचे, "क्यामेऱ्याला एकच लागतो. तुमी दोन घेऊन काय दिवे लावले?" पासपोर्टचे फोटो, साखरपुडे, बारशी, लग्नं, सगळ्याला अप्पा. परळी, नांदूरघाट, युसूफ वडगाव, जिथून बोलावणं येईल तिथं ते मोटरसायकलला बॅग बांधून जायचे आणि रात्री परत येताना अंगाला बुंदीचा आणि पेट्रोलचा असा एकत्र वास यायचा. तो वास मला फार आवडायचा.

आणि राख. परळीतलं लहानपण लिहायचं आणि राख लिहायची नाही, असं जमायचं नाही. थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसायच्या आणि वारा फिरला की त्यांची राख आमच्याकडे पाहुणी. वाळत घातलेल्या कुरडयांवर राख, तुळशीवर राख, दोरीवरच्या पांढऱ्या सदऱ्यावर राख. आई कपडे घडी करण्याआधी दोनदा झटकायची, पाण्याच्या घागरीवर फडकं बांधायची, आणि कुणी बाहेरगावचं आलं की जणू घरातलंच कुणी वाह्यात असावं तसं कौतुकानं सांगायची, "आमच्याकडं राख लई." गावातल्या माणसाला डोळ्यात काही गेलं तर तो विचारच करत नसे. राख गेली, डोळा चोळा, पाणी मारा, झालं.

माझ्या मोठ्या भावाचं नाव महेश. घरात सगळे भैय्या म्हणायचो. त्याचं आणि अप्पांचं विळ्या-भोपळ्याइतकं सख्य. अप्पांनी म्हणावं पूर्व, तर यानं म्हणावं पश्चिम. रीळ की डिजिटल यावरून भांडण, स्टुडिओचा पडदा बदलावा की नाही यावरून भांडण, न्याहारीचा सुशीला करताना चुरमुरे आधी भिजवावेत की नंतर यावरूनसुद्धा भांडण, आणि दोघांपैकी एकालाही चहापलीकडे काही करता येत नव्हतं. पण कॉलेज अर्धवट सोडून भैय्या स्टुडिओत बसायला लागला तेव्हा लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग, म्हणजे कापून जोडायचं काम, त्यानं अंगावर घेतलं, आणि त्या कॉम्प्युटरसमोर पहिल्यांदा दोघं शेजारी शेजारी बसलेले मी पाहिले. भांडतच, पण शेजारी.

त्याला कारण होतं अप्पांची ‘शिल्लक’. लग्नाच्या शूटिंगची छोटी कॅसेट असायची. नवरी गाडीत बसली, रडारड झाली, गाडी वळणाआड गेली की कॅसेटच्या शेवटी थोडी पट्टी उरायची. दुसरे शूटिंगवाले तिच्यावर पुढच्या घरची हळद घ्यायचे. अप्पा मात्र ती पट्टी स्वतःसाठी ठेवायचे. त्यात वाटेल ते असायचं. हौदावर पाणी पिणारी म्हैस. चिमण्यांच्या मागे बुडणारा सूर्य. स्टेशनवर पोत्याला टेकून झोपलेला हमाल. घागर घेऊन उंबरा ओलांडणारी आई. दोन वेण्या घालून रुसून बसलेली मी. हे कुणी मागितलेलं नव्हतं, कुणी त्याचं काही देणार नव्हतं. आई म्हणायची, "लोकाच्या लग्नात आपली म्हैस कशाला?" अप्पा म्हणायचे, "लोकाचं लग्न लोकाला दिलं. म्हैस माझी हाय." कॅसेटा लोखंडी कपाटात रांगेनं लावलेल्या होत्या, आणि प्रत्येकीवर त्यांच्या बारीक अक्षरात नवरा-नवरीच्या नावाखाली लिहिलेलं असायचं, शिल्लक: म्हैस. शिल्लक: मंजू रुसली.

भैय्याच्या डोक्यात आलं की ह्या सगळ्या शिलकी एकामागं एक जोडून अप्पांचा एक सिनेमा करायचा. हे त्यानं अप्पांना विचारून नाही, सांगून केलं, म्हणजे आधी भांडण झालं. मग अप्पा हळूच येऊन मागं उभे राहायला लागले. मग त्यांनी खुर्ची ओढली. पण आमचा कॉम्प्युटर म्हातारा. दोन शिलकी जोडल्या की त्याला धाप लागायची. पडद्यावर आई घागर घेऊन निघायची ती उंबऱ्यातच अडकायची. घागरीतल्या पाण्याचा आवाज पुढं निघून जायचा आणि आई मागाहून धक्के खात खात यायची. अप्पांचा जीव तुटायचा. "मी आसं थांबून थांबून शूट केलं न्हाई बे," ते म्हणायचे, "हात पान्यावानी फिरवलाय मी. ते दिसलं पायजे."

ते दिसण्यासाठी ग्राफिक्स कार्ड लागणार होतं. आज हे शब्द शेंबडं पोरही बोलतं, तेव्हा आमच्या बोळात भैय्याशिवाय कुणाला माहीत नव्हते. कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची एक पाटी, चित्रं हलवायचं सगळं ओझं ती स्वतःवर घेते, असं त्यानं मला समजावलं. अडचण वेगळीच होती. ज्या गावात लाईट बनते त्याच गावात आम्ही लाईट जायची वाट बघत जेवणं उरकायचो. स्टुडिओ चालायचा तो इन्व्हर्टरवर, आणि इन्व्हर्टर बिचारा कॉम्प्युटर आणि दोन पंखे यापलीकडे काही घेतलं की टिवटिव करून बसायचा. मोठी कार्डं वीज राक्षसासारखी खातात, त्यांना वेगळी वायर लागते. भैय्यानं किती तरी दिवस शोधाशोध करून एक कमी खाणारं कार्ड हुडकलं. ते सांगायला तो अप्पांपुढं उभा राहिला तेव्हा मी दारात होते, काय फुटतंय ते बघायला.

"किती लाईट खातंय?" अप्पांनी एवढंच विचारलं.

"आपल्या छताच्या पंख्याएवढी. येगळी वायर पन लागत न्हाई त्याला."

अप्पांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघितलं. "म्हंजी ते चालू आसलं की एक पंखा बंद ठेवायचा."

"हो."

"मग माझ्यावरचा बंद ठेव. मागव."

एवढ्यात संपलं. भैय्यालाच विश्वास बसेना. तो आत येऊन माठातलं पाणी घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "मंजे, अप्पाला ताप-बिप हाय का बघ." माझ्या मुलाच्या खोलीत आज जो कॉम्प्युटर आहे त्याला काचेचं पोट आहे, आत लाल-निळे दिवे पळतात, आणि हिवाळ्यात त्या खोलीत वेगळी शेगडी लागत नाही. मी एकदा त्याला विचारलं, हे किती पंख्यांएवढी वीज खातं? त्याला प्रश्नच कळला नाही.

कार्ड गणपतीत यायचं होतं. वाटेत कुठं अडकलं कोण जाणे, आलं ते पित्रं बसल्यावर. कुरियरवाला तेव्हा बोळात यायचा नाही, फोन करून स्टेशनपाशी बोलवायचा. भैय्या खोका मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून, छातीनं दाबून धरून आला. बाहेर तपकिरी पुठ्ठा, त्यावर दुकानाची चिकटपट्टी. अप्पांनी हात धुतले, पंच्याला पुसले, खोका हातात घेऊन चहूबाजूंनी फिरवला, हलवून कानाशी धरला. आम्हाला वाटलं आता चाकू निघणार. त्यांनी खोका भैय्याच्या हातात परत दिला. "वर ठेव. पित्रं बसल्यात. घट बसले की उघडू."

त्यालाही एक जुनी गोष्ट होती. मी पाळण्यात असताना अप्पांनी ह्याच पंधरवड्यात नवा फ्लॅश आणून उघडला होता, आणि पहिल्याच साखरपुड्यात तो स्टँडवरून आपटून फुटला. नवरीच्या मामानं सगळ्यांदेखत अपशकुनी म्हटलं. अप्पा देवधर्मात फार नव्हते, पण तेव्हापासून ह्या पंधरवड्यात त्यांनी नवी टाचणीसुद्धा उघडली नाही. आईचाही दुजोरा. "पंधरा दिवस काय, बघता बघता जातील."

आम्ही सगळे भैय्याच्या तोंडाकडं बघायला लागलो. आता आकाशपाताळ एक होणार. हा माणूस आंघोळीच्या पाण्यावरून घर डोक्यावर घेणारा. पण त्या दिवशी तो भांडला नाही. अप्पांनी पंखा एका शब्दात दिला होता, त्याची काहीतरी भरपाई त्याला करावीशी वाटली असेल. त्यानं स्टूल घेतलं, खोका देवाच्या शेजारच्या फळीवर ठेवला आणि खाली उतरून म्हणाला, "बरं."

मला ह्या ‘बरं’चं इतकं वाईट वाटतं की लिहिताना हात थांबतो. जन्मभर अप्पांच्या शब्दाला शब्द लावला त्यानं. वाटेल त्या फालतू गोष्टीवरून. आणि एकदा, एकदाच, मुकाट ऐकलं. त्या दिवशी तो भांडला असता, खोका हिसकावून फाडला असता, चार दिवस घरात अबोला धरला गेला असता, तरी आज मी त्याची आरती ओवाळली असती.

तो पंधरवडा मला पदार्थांसकट आठवतो. त्या दिवसांत लग्नं नाहीत, म्हणून स्टुडिओ थंड. अप्पा कॅमेऱ्याला हातही लावत नव्हते, असं आम्ही समजत होतो. भैय्यानं कार्ड येईपर्यंत सिनेमा बंद म्हणून मॉनिटरवर माझ्या जुन्या ओढणीचं फडकं टाकून ठेवलेलं. आणि घरोघरी पित्रांची जेवणं. आज ह्यांच्याकडं, उद्या त्यांच्याकडं. अप्पांना जेवायला बोलावणं हा बोळातला रिवाज होता, कारण ते कुणाचं मन मोडायचे नाहीत. तांदळाची खीर, उडदाचे वडे, कढी, येसराची आमटी, भोपळ्याची भाजी. शुगर होती त्यांना. आई दारातून बजावायची, "खीर वाटीभरच खा, न्हाईतर खाऊच नका." अप्पा तिथून येऊन सांगायचे, "वाटीभरच खाल्ली." वाटी केवढी होती ते सांगायचे नाहीत.

आणि त्या पंधरवड्यात राख लई उडत होती. म्हणजे अप्पा म्हणत होते. पाऊस त्या साली मागे राहिलेला, ऊन कोरडं, वाराही होता, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. अप्पा खुर्चीत बसून चष्मा काढायचे, पंच्याच्या टोकानं पुसायचे, घालायचे, पुन्हा काढायचे. "आज लई उडायलीय," म्हणायचे. आई खिडकी लावून घ्यायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, आमच्याकडं पण तेच, सकाळी अंगण झाडलं का संध्याकाळी पाय काळे. एकदा अप्पांनी हवेत हात मारला, माशी हाकलावी तसा. मी विचारलं, "काय हो अप्पा?" तर म्हणाले, "काय न्हाई, राखंची पापडी उडत आली." मला काही दिसली नव्हती. पण ती काय सगळ्यांना दिसेलच असं थोडंच असतं? त्यांनी पेपर वाचणं सोडलं. "कावून वाचायचा, त्यात आसतंय काय?" आम्हालाही वाटलं, खरंच, असतं काय त्यात. एकदा कपातला चहा बशीत ओततोय असं समजून चक्क सतरंजीवर ओतला आणि आम्ही सगळे हसलो. अप्पाही हसले.

घट बसले त्या दिवशी सकाळी आईनं परडीत माती घालून धान्य पेरलं, देवाशी दिवा लावला, आणि भैय्यानं खोका खाली काढला. त्यानं आंघोळ केलेली, चक्क नवा शर्ट घातलेला. स्टुडिओत सतरंजी अंथरली, मधोमध खोका, चारी बाजूंना आम्ही. अप्पांनी उंबऱ्यावर नारळ फोडला. पहिल्या घावात फुटला नाही, दुसरा घाव उंबऱ्याला लागला. मग भैय्यानं हात धरून फोडला. अप्पांनी हात धुतले, पुसले, खोका फिरवला. पण वाचला नाही. माझ्यापुढं धरून म्हणाले, "मंजू, तू वाच. शिकलेली हाईस." मी इंग्रजी अक्षरं वाचून दाखवली, मला केवढा अभिमान वाटला. चाकूही त्यांनी भैय्याच्या हातात दिला. "तुझी वस्तू हाय, तू काप." भैय्या माझ्याकडं बघून डोळे मिचकावून हसला. अप्पा त्याला मान देत होते असं आम्हाला वाटलं. अप्पांनी आयुष्यात कुणाला चाकू दिला नव्हता.

तपकिरी पुठ्ठ्यातून आतला चकचकीत खोका निघाला, हिरव्या-काळ्या रंगाचा. त्यातून काळा मऊ फोम, एक बारकं पुस्तक, एक सीडी, आमच्या जुन्या मॉनिटरची पिन जोडायचा एक निळा तुकडा, आणि शेवटी रुपेरी पिशवी. पिशवी उघडताच नव्या प्लॅस्टिकचा आणि तांब्याचा असा गारसर वास आला. कार्ड निघालं ते टीचभर. आम्हाला काहीतरी विटेएवढं अपेक्षित होतं. एका बाजूला एक काळा पंखा, तोही खेळण्यातल्यासारखा, खाली सोनेरी दातांची पट्टी.

"एवढुसंच?" आई म्हणाली. तिनं करंगळीवर कुंकू घेतलेलंच होतं. भैय्या ओरडला, "आये, त्या सोनेरी पट्टीला लावू नको!" मग कुंकू खोक्याला लागलं, कार्डाला लांबून अक्षता. अप्पांनी कार्ड दोन्ही तळव्यांवर घेतलं. बोटानं त्याची कड चाचपली, पंख्याचं पातं हळूच फिरवलं, तोंडाजवळ नेऊन वास घेतला. "हलकं हाय," म्हणाले, "गरीब दिसतंय. जास्त खायचं न्हाई." आम्ही हसलो. तळव्यावर धरून ते इतका वेळ बसले की भैय्याला शेवटी मागावं लागलं.

कॅबिनेट उघडलं तर आत राखेचा थरच होता. अप्पांकडं भिंग साफ करायचा रबरी फुगा होता, त्याला ते कुणाला हात लावू देत नसत. तोही त्यांनी माझ्याकडं दिला. मी फुसफुस करून खाच साफ केली, भैय्यानं कार्ड वरून दाबलं, कट्ट असा आवाज झाला. मग अप्पा स्वतः उठले, भिंतीला हात लावत गेले आणि आपल्या डोक्यावरच्या पंख्याचं बटण बंद केलं.

भैय्यानं सिनेमा लावला. आई घागर घेऊन निघाली, उंबरा ओलांडला, अंगण पार केलं, आणि कुठंच अडकली नाही. पाण्याचा आवाज तिच्या पावलाबरोबर आला. घागरीतून थेंब उडाला तो खाली पडेपर्यंत दिसला. म्हशीनं मान वर केली, शेपटी फिरवली. मी रुसले होते ती माझी वेणी वाऱ्यानं हलली. अप्पांचा हात कसा पाण्यासारखा फिरला होता ते पहिल्यांदा दिसलं. आईनं तोंडाला पदर लावला. आम्ही तिघं अप्पांकडं वळलो.

अप्पा खुर्चीत पुढं झुकून बसले होते, पण तोंड पडद्याच्या थोडं बाजूला, टेबलाच्या कडेकडं. "चांगलं चालायलंय," ते म्हणाले. "पन काच पुसा रे. राख बसलीय."

आईनं पदरानं मॉनिटरची काच पुसली.

"आजून हाय."

भैय्यानं फडकं घेतलं आणि पुसली.

"आरं नीट पुस ना, सगळी काळी झालीय."

काच लख्ख होती. तिच्यात आमचे तिघांचे चेहरे दिसत होते. भैय्या हळूच उठला आणि अप्पांच्या चांगल्या डोळ्यासमोर त्यानं हात धरला. अप्पा बोलत राहिले.

त्याच दिवशी अंबाजोगाईला नेलं, तिथून पुढं मोठ्या शहरात. तिथल्या डॉक्टरांनी दिवा लावून बराच वेळ तपासलं आणि विचारलं, "काळे ठिपके कधीपासून दिसायला लागले, बाबा?" अप्पा त्यांना समजावून सांगावं तसं म्हणाले, "ठिपके न्हाईत साहेब. राख हाय ती. आमच्या गावात समद्यांलाच दिसती." डॉक्टरांनी आमच्याकडं बघितलं. शुगरमुळं डोळ्यात आत रक्त उतरलं होतं, मागचा पडदा ओढून सुटला होता. सुरुवातीलाच आणलं असतं तर काही करता आलं असतं, आताही ऑपरेशन करू, पण फार आशा धरू नका, असं ते मला आणि भैय्याला बाहेर बोलावून म्हणाले. ऑपरेशन झालं. उजेड-सावली तेवढी हाती लागली, डाव्या डोळ्यासारखीच.

मी हिशेब फार वेळा मांडला आहे आणि तो दर वेळी तसाच निघतो. खोका आला त्या दिवशी उघडला असता तर अप्पा त्याच संध्याकाळी पडद्यासमोर बसले असते. राख बसलीय म्हणाले असते. आम्ही काच पुसली असती आणि त्याच दिवशी आम्हाला कळलं असतं. दोष कुणाचा म्हणावा? पित्रांचा नाही, त्या बिचाऱ्यांनी खीर-वड्यांपलीकडे काही मागितलं नव्हतं. थर्मलच्या राखेचाही नाही, त्या दिवसांत ती खरंच किती उडत होती देव जाणे. फक्त हळहळ राहते. आपला सिनेमा जसा शूट केला तसा, न अडखळता, एकदा बघावा एवढीच त्या माणसाची मागणी होती, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून प्रेमानं, रीतीनं, हात धुऊन ती फळीवर ठेवून दिली.

अप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते कार्ड आता भैय्या चालवतो त्या स्टुडिओत एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये अजून चालतं, त्याच्या पंख्यानं कधी कुरकुर केली नाही. आणि मी वर्षातून एकदा पोरांना ओढत डोळे तपासायला नेते. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे, एवढ्यात परत कशाला आलात?

अप्पांना अंधाराची सवय झाली तशी भैय्यानं सिनेमा पुरा करायला घेतला. संध्याकाळी तो लावायचा आणि अप्पा ऐकत बसायचे. आवाजावरून त्यांना सगळं कळायचं. "आता डावीकडून तुजी आई येती बघ," म्हणायचे, आणि आई डावीकडून यायची. कार्ड चालू झालं की ते न चुकता चाचपडत उठून आपला पंखा बंद करायचे. आम्ही सांगून दमलो की आता नवी बॅटरी आणलीय, दोन्ही चालतं. ते म्हणायचे, "ठरलंय ते ठरलंय."

उन्हाळा लागता लागता एका संध्याकाळी भैय्याला अप्पांच्या कॅमेऱ्यात राहिलेली शेवटची कॅसेट सापडली. श्रावणातल्या एका साखरपुड्याची. शेवटी शिल्लक असणारच म्हणून त्यानं ती कॉम्प्युटरला जोडली. स्टुडिओत पंखा बंद, अप्पा मागं खुर्चीत, आई दारात लसूण सोलत बसलेली. साखरपुडा संपला, पडदा क्षणभर निळा झाला आणि मग दिसली आमचीच फळी. देवाशेजारी तो तपकिरी खोका. चौकट तिरपी होती, अप्पांची चौकट कधी तिरपी नसायची. आणि अप्पांचा आवाज आला, तेव्हाचा, भरदार.

"हा आमच्या महेशचा खोका. घट बसले की उघडायचा. पंख्याएवढी लाईट खातो म्हनं. लई दिवसांनी पोरगं माजं ऐकून गप बसलंय." मग जरा थांबून, "आज राख लई उडायलीय. थांबा, काच पुसतो."

पडद्यावर पंच्याचं टोक आलं, सगळं पांढरं झालं, टोक बाजूला गेलं. खोका दिसला. पुन्हा पंचा आला. पुन्हा गेला. "जातच न्हाई," आवाज म्हणाला. खिडकीतून ऊन आलेलं होतं. खोक्यावरच्या चिकटपट्टीची सुरकुतीसुद्धा दिसत होती. चित्रात कुठंही, एका कोपऱ्यातसुद्धा, राखेचा कण नव्हता.

कॅसेट संपली. कार्डाचा पंखा तेवढा बारीक फिरत होता. मागून अप्पांनी विचारलं, "तवाची हाय न्हवं ती? दिसती का राख?"

भैय्याचा हात माऊसवर तसाच राहिला. मी त्याच्याकडं बघितलं नाही, मला बघवलं नाही.

"दिसती ना अप्पा," तो म्हणाला. "लई राख हाय. खोकाच दिसंना."

"मग?" अप्पा म्हणाले आणि समाधानानं मागं टेकले. "मी म्हनत नव्हतो?"

आई दारातून सगळं बघत होती. ती उठली, लसणाची सालं झटकली, मॉनिटरजवळ आली आणि त्या लख्ख काचेवरून पदर फिरवायला लागली, अप्पांना ऐकू जाईल इतक्या जोरानं.